मागच्या भावावर पेरलेलं शिक्षण

दहावीचा निकाल लागला की आमच्या ओट्यावर माणसं येऊन बसतात. मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा शिक्षक होतो, वीजतंत्री ट्रेडचा. (बोर्डावर वीजतंत्री, जोडारी, संधाता, कातारी अशी नावं असतात, पोरं मात्र इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, टर्नरच म्हणतात.) निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण गावाला मी अजून ‘आयटीआयवाले सर’च आहे. येणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो. “सर, पोराले कोन्त्या ट्रेडले टाकू? कशाले मागनी हाये आता?” विचारणारा कास्तकार असतो. चार-पाच एकर कोरडवाहू वावर, कपाशी, सोयाबीन, तूर. पोरगं या चक्रात अडकू नये एवढंच त्याचं मागणं असतं.

पूर्वी मी पटकन सांगून टाकायचो. इलेक्ट्रिशियनला टाका, फिटरला टाका, कुठं ना कुठं लागून जाईल. आता असं बोलताना जीभ अडते. ‘कशाला मागणी आहे’ हा प्रश्न मी तीस वर्षं ऐकला आणि त्याचं उत्तर किती अवघड आहे हे मला फार उशिरा कळलं. शाळा-कॉलेजात जे शिकवतात आणि बाजारात ज्या कामाला माणूस लागतो, त्यांची सांगड घालायची, असं सगळेच बोलतात. सांगड का बसत नाही, हे मात्र कुणी उलगडून सांगत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

तुरीपासून सुरू करतो, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. २०१५ साली तूरडाळ २०० रुपये किलोपर्यंत चढली होती. पुढच्या हंगामात जिकडे पाहावं तिकडे तूर. २०१६-१७ मध्ये विक्रमी पीक आलं, हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये असताना बाजारात भाव त्याच्याही खाली गेला, खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि आत बारदाना संपलेला. यात कुणी मूर्खपणा केला नव्हता. प्रत्येकानं समोरचा भाव पाहून विचारानंच पेरलं होतं. पण पेरताना दिसतो तो मागचा भाव, आणि विकायला जातो तेव्हा भेटतो तो नवा. मधल्या काळात शेजाऱ्यानंही तेच पेरलेलं असतं. अर्थशास्त्रात या चक्राचा आलेख काढला की तो कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘कॉबवेब’ असंच नाव पडलं आहे.

शिक्षणाचं अगदी असंच होतं, फक्त पीक उशिरा निघतं. तूर साधारण सहा महिन्यांत हाती येते. इलेक्ट्रिशियन दोन वर्षांनी बाहेर पडतो, इंजिनिअर चार वर्षांनी. आज ज्याच्या नोकऱ्या दिसतात त्याला आज सगळे प्रवेश घेतात, आणि सगळे एकाच जून महिन्यात बाजारात उतरतात.

आपल्या भागात याचं सगळ्यात दुखरं उदाहरण डी.एड.चं आहे. एके काळी बारावीनंतर डी.एड. केलं की मास्तरकी पक्की, असा हिशेब होता आणि तो खोटाही नव्हता. मग तालुक्या-तालुक्याला विनाअनुदानित कॉलेजं निघाली. आईबापांनी कर्ज काढून, वावर गहाण टाकून फी भरली. २०१० साली शिक्षकभरतीची सीईटी झाली. त्यानंतर भरतीसाठीची परीक्षा, म्हणजे अभियोग्यता चाचणी, झाली ती थेट २०१७च्या डिसेंबरात. मधल्या सात वर्षांत डी.एड. झालेली पोरं कृषी केंद्रात बिलं फाडत होती, पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावत होती. कितीतरी जणांचं वय निघून गेलं. पुढं कॉलेजंच ओस पडली. माझ्या ओळखीतल्या एका घरात दोघा भावांची दोन डी.एड. प्रमाणपत्रं एकाच ट्रंकेत आहेत. त्या घरी गेलो की मला काही बोलवत नाही.

मग संस्थेनं मागणी पाहून कोर्स बदलावा ना, असं कुणीही म्हणेल. ते का होत नाही, ते मी आतून पाहिलं आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या एका तुकडीत २० जागा असतात. एखादा ट्रेड सुरू करायचा तर ठरावीक क्षेत्रफळाची कार्यशाळा लागते, यादीतली यंत्रं लागतात, संलग्नता लागते, निदेशकाचं पद मंजूर व्हावं लागतं. हे सगळं उभं राहायला वर्षं जातात, आणि एकदा उभं राहिलं की तो ट्रेड चालूच राहतो. लेथ मशीन विकून सौर पॅनल आणता येत नाही आणि टर्नरच्या निदेशकाला उद्यापासून ड्रोन शिकव म्हणता येत नाही. अभ्यासक्रमही देशभर एकच. याचा फायदा मोठा आहे : भंडाऱ्याच्या पोराचं प्रमाणपत्र पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात चालतं. पण त्याची किंमत ही, की वणीच्या खाणपट्ट्यातल्या आणि वरूडच्या संत्रापट्ट्यातल्या पोराला एकच पुस्तक मिळतं.

छोट्या मुदतीच्या कोर्सांनी ही अडचण सुटेल असं वाटलं होतं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५च्या जुलैमध्ये सुरू झाली. काही महिन्यांचं प्रशिक्षण, झटपट बदलता येणारं. आपल्या राज्यात १९ ऑक्टोबर २०२३ला प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली, ५११ गावांत. कल्पना चांगली आहे, आणि गावात केंद्र असणं ही मुलींसाठी तर फारच मोठी गोष्ट आहे. पण कोर्स कोणता घ्यायचा हे जर ‘काय शिकवायला सोपं पडतं’ यावर ठरलं, तर मग शिवणयंत्रं आणि कॉम्प्युटर हेच सगळीकडे येतात. एका गावाला चालणाऱ्या शिलाईकामाच्या मर्यादा गावातली कोणतीही बाई सांगेल. तिला विचारलं पाहिजे.

आता मुद्द्याचं. मागणी मोजायची कशी?

मोठ्या कारखान्यांना विचारून मोजतात. कोणत्या कामाला किती माणसं लागतील याचा अंदाज घ्यायला त्या-त्या उद्योगाच्या सेक्टर स्किल कौन्सिल आहेत. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कौशल्य समिती असते, ती जिल्ह्याचा आराखडा करते. नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि मिहान या उद्योगक्षेत्रांचा, चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांचा अंदाज या रीतीनं बऱ्यापैकी लागू शकतो. तिथं कार्यालय आहे, मनुष्यबळ अधिकारी आहे, तो फॉर्म भरतो.

तालुक्यात फॉर्म भरणारा कोण? आमच्याकडे जागा निघाली की पेपरात जाहिरात येत नाही. “आपल्या जिनिंगवर एक पोट्टं पाह्यजे, गडबड करनारं नको,” असा निरोप चहाच्या टपरीवरून फिरतो आणि संध्याकाळपर्यंत माणूस ठरलेला असतो. शिवाय कामाला हंगाम असतो. जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं काम, दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि उन्हाळ्यात थंडावतं. वरूड-मोर्शीकडे संत्र्याची प्रतवारी बहाराप्रमाणे चालते. गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलांचं चाक धानावर फिरतं. माझा एक विद्यार्थी चार-पाच महिने जिनिंगवर देखभालीला असतो, उन्हाळ्यात घरांचं वायरिंग करतो, आणि पावसाळ्यात मोटारी दुरुस्त करतो. त्याचं वर्ष तीन कामांनी भरतं आणि चांगलं भरतं. पण सर्वेक्षणाच्या कागदावर एका माणसाला एकच चौकट असते. हा माणूस कुठल्या चौकटीत टाकणार? बहुतेक वेळा तो ‘बेरोजगार’ किंवा ‘शेती’ यात जातो, आणि त्याच्या कामाची मागणी कुठंच नोंदली जात नाही.

दुसरी गफलत याहून मोठी आहे, आणि ती शिकलेली माणसंही करतात. नवीन काम येणं आणि ते काम टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सौर कृषिपंपाचं उदाहरण घेऊ. विदर्भात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’मुळे वावरा-वावरात पॅनल दिसायला लागली आहेत. लगेच सगळे म्हणतात, सौर तंत्रज्ञाचा कोर्स काढा. काढावा का, ते बोटांवर मोजून पाहू.

समजा एका तालुक्यात दोन वर्षांत २,००० पंप बसायचे आहेत. तिघांची एक टोळी दिवसाला एक पंप बसवते असं धरू, आणि पाऊस-चिखल वगळून वर्षाचे २०० दिवस काम. म्हणजे दोन वर्षांत एक टोळी ४०० पंप बसवेल. पाच टोळ्या, १५ माणसं लागतील. छान. आता बसवणं संपलं. पुढं फक्त देखभाल. प्रत्येक पंपाला वर्षातून एक भेट लागते असं समजा, म्हणजे २,००० भेटी. एक माणूस दिवसाला दोन ठिकाणी जातो, वर्षाला २५० दिवस, म्हणजे ५०० भेटी. किती माणसं लागली? चार. वर्षाला दोन भेटी धरल्या तरी आठ.

याचा अर्थ, दोन वर्षं १५ जणांना काम, आणि मग तालुक्याला चार ते आठ माणसं पुरतात. त्या तालुक्यात आपण दरवर्षी २० जणांची सौर तंत्रज्ञाची तुकडी काढत राहिलो, तर तिसऱ्या वर्षापासून जवळजवळ सगळी तुकडी रिकामी. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत; तुमच्या तालुक्याचे वेगळे येतील. पण हे गणित एका पानावर मावतं, आणि कोर्सच्या उद्घाटनाची फीत कापण्याआधी ते कुणी केलेलं मी क्वचित पाहिलं. मागणी दोन प्रकारची असते. एक लाट असते, ती येते आणि ओसरते. दुसरी विहिरीच्या झऱ्यासारखी, थोडी पण कायम. लाटेसाठी आधीच्या इलेक्ट्रिशियनांना पंधरा दिवसांचं जोडप्रशिक्षण पुरतं. एक वर्षाचा नवा ट्रेड झऱ्यावर बेतायचा असतो.

जोडप्रशिक्षण का पुरतं, तेही सांगतो, कारण माझी उमेद तिथंच आहे. आमच्याकडे शेतातली थ्री फेज मोटार सर्रास जळते. कारण बहुधा एकच : एक फेज जातो, उरलेल्या दोन फेजांवर मोटार ओढत राहते, त्यांतून जास्त करंट जातो आणि वायंडिंग तापून जळतं. ज्या पोराला फक्त वायंडिंग भरता येतं तो ते भरून देतो, पैसे घेतो, आणि पंधरा दिवसांनी तीच मोटार पुन्हा येते. ज्याला कारण कळलं आहे तो स्टार्टर उघडतो, जास्त करंट आला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले पाहतो, तिथं कुणी तार मारून ठेवली आहे का बघतो. हाच दुसरा पोरगा सौर पंपाकडे गेला की त्याला नवीन काय शिकावं लागतं? पॅनल एकापुढे एक जोडली की व्होल्टेज वाढतं हे त्याला ठाऊक असतं. डीसीचा करंट एसीसारखा क्षणोक्षणी शून्यावर येत नाही, म्हणून डीसीची ठिणगी लवकर तुटत नाही आणि एसीचा साधा स्विच तिथं चालत नाही, हे एकदा सांगितलं की तो जन्मभर विसरत नाही. कंट्रोलरवरचा एरर कोड वाचायला दोन दिवस. झालं.

पहिल्या पोराला मात्र सगळं मुळापासून. म्हणून मी म्हणतो, बाजाराशी जुळवायचं शिक्षण म्हणजे बाजारात आज दिसणारं यंत्र वर्गात आणून ठेवणं, असं समजू नये. मोजणं, आकृती वाचणं, टक्केवारी, बिघाडाचं कारण क्रमाने शोधणं, गिऱ्हाईकाला समजेल असं बोलणं, हे कोणत्याही यंत्राबरोबर जातं. आयटीआयच्या पोरांना ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’ हा विषय सगळ्यात नकोसा असतो. मी स्वतः तो घाईनं उरकलेला मला आठवतो, कारण प्रॅक्टिकलला वेळ पुरत नसे. ती माझी चूक होती.

ही गोष्ट आपल्या मातीत नवी नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हातकामातून शिकवण्याची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तिचा आराखडा केला. तीच नई तालीम. तिचा पुढं काय प्रवास झाला तो वेगळा विषय आहे. पण गावात जे काम चालतं त्यातूनच गणित आणि विज्ञान शिकवायचं, हे सूत्र आजही वर्ध्यापासून पन्नास कोसांवरच्या शाळेत आठवड्यातून एक दिवस जरी आलं, तरी दहावीनंतर माझ्यासारख्याच्या ओट्यावर बसायची गरज कमी होईल.

आता ‘माणूस मिळत नाही’ या तक्रारीकडे येतो. ती खरी असते, पण तिच्या पोटात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि औषध चौघींचं वेगळं आहे. कधी ते काम येणारा माणूसच नसतो. कधी माणूस असतो, प्रमाणपत्रही असतं, पण प्रत्यक्ष काम करता येत नाही. कधी पदवीधर पोरगा बारावीच्या कामावर बसलेला असतो, मन लागत नाही, सोडून जातो. आणि कधी, मालकाला राग येईल पण लिहितो, काम येणारे पुष्कळ असतात. पगार परवडत नाही म्हणून ते येत नाहीत. पुण्याकडे १४ हजारांवर नेलेला पोरगा समजा. त्यातून खोलीभाडं, मेस, गावी येण्या-जाण्याचं भाडं वजा करा आणि घरी किती पाठवता येतं ते मांडा. सोंगणीच्या दिवसांत बापाला मजूर लावावा लागतो त्याचाही खर्च यात धरा. मग तो पोळ्याला आला आणि परत गेला नाही, तर त्याला आळशी म्हणू नका. नवा कोर्स काढून ही चौथी अडचण सुटत नाही.

सरकारी मोजमापालाही हे दिसत नाही. ग्रामीण तरुणांसाठीची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ पासून आहे. तिच्यात प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी किमान ७० टक्क्यांना नोकरी लावून देण्याची अट आहे, आणि ही अट चांगलीच आहे. इतर अनेक कोर्सांना तीही नसते. पण नोकरी लागली असं केव्हा धरायचं? तीन महिने टिकली तर. चौथ्या महिन्यात पोरगं एसटीतून गावच्या फाट्यावर उतरलं, तरी कागदावर ते नोकरीतच राहतं.

आणि ज्यांना काम खरोखर येतं, ते मोजणीत कुठं असतात? २०२३-२४च्या आर्थिक पाहणी अहवालात दिलं आहे की १५ ते २९ वयाच्या तरुणांपैकी ४.४ टक्क्यांनी रीतसर व्यावसायिक प्रशिक्षण घेतलं आहे, आणि १६.६ टक्के अनौपचारिक रीतीनं शिकले आहेत. म्हणजे आपल्या देशाचं खरं आयटीआय बसस्टँडसमोरचं रिवायंडिंगचं दुकान आहे, वेल्डिंगचं शेड आहे, ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. तिथं उस्तादाच्या हाताखाली पोरगं तीन वर्षं घासतं आणि पक्कं तयार होतं, पण कागद नसतो. खासगी गिऱ्हाईकाला त्यानं फरक पडत नाही. पण वीजकामाचा परवाना, सरकारी कंत्राट, कंपनीचं गेट, इथं कागदाशिवाय उभं करत नाहीत. कोळसाखाणीत तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय मायनिंग सरदार, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख ठेवणारा, होताच येत नाही, आणि ते बरोबरच आहे, तिथं चुकीला जीव जातो. अशा उस्तादाच्या चेल्यांची परीक्षा घेऊन, कमी पडेल तेवढंच शिकवून प्रमाणपत्र द्यायची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. त्याला ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ म्हणतात. माझ्या मते ग्रामीण भागात नव्या कोर्सांपेक्षा याची गरज जास्त आहे, आणि याची माहिती मात्र सगळ्यात कमी लोकांना आहे.

जर्मनीचं नाव या विषयात नेहमी निघतं. तिथं पोरगं आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत शिकतं आणि एक-दोन दिवस शाळेत. किती पोरं घ्यायची हे कंपनी स्वतःच्या गरजेवरून ठरवते, त्यामुळे मागणीचा अंदाज वेगळा बांधावाच लागत नाही. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसं असतील तर घेता येतात, सक्ती नाही. विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. आयटीआयमध्येही काही काळ वर्गात आणि काही काळ कारखान्यात अशी दुहेरी पद्धत आली आहे. पण आमच्या तालुक्यात ३० माणसांची आस्थापना हातावर मोजण्याइतकी, आणि रिवायंडिंगच्या दुकानात मालक धरून दोघं. ते दुकान या सगळ्या हिशेबाच्या बाहेर राहतं. अशा पाच-सात दुकानांचा एक गट करून आयटीआयनं प्रत्येकी एक पोरगा तिथं बसवायला काय हरकत आहे? उस्तादाला थोडं मानधन, पोराला थोडं विद्यावेतन. मी हे एका बैठकीत बोललो होतो. लिहून घेतलं, पुढं काही झालं नाही. मी अजून बोलतो.

मागणी शोधताना डोळ्यांना सवयीचं तेच दिसतं, याचं एक उदाहरण गडचिरोलीचं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर अनेक गावांच्या ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकायला लागल्या. बांबू म्हटलं की आपल्याला चटकन टोपल्या विणायचं प्रशिक्षण सुचतं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, तिथलं काम मोलाचं आहे. पण लिलाव करणाऱ्या ग्रामसभेला त्याच्या जोडीला आणखी एक माणूस लागतो : निविदा वाचणारा, बांबूची मोजणी लिहिणारा, मजुरीचा हिशेब ठेवणारा, बँकेचे आणि कराचे कागद सांभाळणारा, आणि हे सगळं गोंडीत ग्रामसभेला समजावून सांगणारा. एवढे सगळे एका माणसात, आणि तो गावातच राहणारा हवा. या कामाला ट्रेडचं नावच नाही, म्हणून कुठल्या यादीतही नाही. पण गावाला विचारलं तर ते पहिल्यांदा हेच मागेल.

मुलींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण गोष्ट साधी आहे. मुलीला ट्रेड निवडताना पहिला प्रश्न एसटीच्या वेळेचा असतो. महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट झालं, त्यानं घरच्यांचा एक नकार कमी झाला. पण शेवटची गाडी साडेपाचला असेल आणि प्रॅक्टिकल पाच वाजता सुटत असेल, तर ती मुलगी इलेक्ट्रिशियन होत नाही, ती गावातल्या शिवण क्लासला जाते, आणि आपण म्हणतो मुलींचा कल शिवणकामाकडे आहे. माझ्या शेवटच्या काही तुकड्यांत तीन-चार मुली असायच्या. मीटर लावून बिघाड शोधण्यात त्या पोरांपेक्षा शांत असत. नमो ड्रोन दीदीसारख्या योजनेत बचत गटाची बाई पंधरा दिवसांत ड्रोन उडवायला शिकते, ती आमच्या मुलींना परकी वाटायचं काही कारण नाही.

मग त्या कास्तकाराला मी काय सांगतो? मी आता ट्रेडचं नाव सांगत नाही. मी सांगतो, ज्या संस्थेत घालायचा तिथं जा आणि दोन वर्षांपूर्वी त्याच ट्रेडमधून पास झालेल्या २० जणांची नावं माग. नाही मिळाली तर संस्थेतल्या पोरांकडून चार-पाच नंबर घे. त्यांना फोन कर. कुठं आहे, काय काम करतो, हातात किती पडतात, तिथं किती दिवस झाले, आणि आयटीआयमधलं काय कामाला आलं, काय आलं नाही. पाच फोन. सगळ्या पाहण्या, आराखडे, अंदाज एका बाजूला ठेवा आणि हे पाच फोन एका बाजूला. पीक कसं आलं ते पाहायचं तर बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र पाहत नाहीत, मागच्या वर्षी तेच बियाणं लावणाऱ्याच्या बांधावर जातात. कास्तकाराला हे लगेच पटतं.

पण हीच चौकशी संस्थेनं स्वतः दरवर्षी केली पाहिजे आणि नोटीस बोर्डावर लावली पाहिजे. पास होऊन एक वर्ष झालेले किती, तीन वर्षं झालेले किती, कोण त्या कामात आहे, कोण दुसऱ्या, कोण घरी. याला काही यंत्रणा लागत नाही, एक वही आणि फोनचं बिल लागतं. त्या वहीवरून कळेल की कोणत्या तुकडीची एक पाळी कमी करायची, कोणता ट्रेड मोठा करायचा, कोणता धडा जुना झाला. मी तीस वर्षांत सहाशेच्या आसपास पोरं शिकवली. निकालाची टक्केवारी मला तोंडपाठ असायची. ती पोरं पुढं कुठं गेली, ते मात्र मी कधी लिहून ठेवलं नाही, आणि मला ते कुणी विचारलंही नाही.

निवृत्तीनंतर वही केली. आतापर्यंत १८३ नावं झाली आहेत. फोन नंबर बदललेले असतात, म्हणून मी पोळ्याची वाट पाहतो. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, हे दोन दिवस पुण्या-चाकणहून, सुरतहून, नागपूरहून पोरं गावी येतात. लेकराचा लाकडी बैल घेऊन ती घरोघर फिरायला निघतात, आणि आमच्या दारात आली की मी लेकराच्या हातावर खाऊ ठेवतो, बापाला ओट्यावर बसवतो आणि वही उघडतो.